जे. जे. वॉटची टेप बघताना: चेंडू सोडा, हात बघा

अमेरिकन फुटबॉलमधला बचावपटू टीव्हीवर धड दिसत नाही. कॅमेरा चेंडूमागे पळतो, आणि डिफेन्सिव्ह एन्डचं, म्हणजे बचावाच्या पुढच्या ओळीत कडेला उभ्या राहणाऱ्याचं, सगळं काम चेंडू हवेत जायच्या आत उरकलेलं असतं. अडीच-तीन सेकंदांचा मामला. तेवढ्यात त्याने समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला चुकवलं, की दोघांनी मिळून त्याला दाबून धरलं, की तो मुद्दामच जागेवर थांबला, यातलं काहीही प्रक्षेपणात कळत नाही. कळतो तो फक्त शेवट: क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, आडवा आणि त्याच्या अंगावर कुणीतरी.

जे. जे. वॉटची कारकीर्द म्हणूनच टेपवर बघावी लागते. 2011 ते 2020 ह्यूस्टन टेक्सन्स, मग दोन हंगाम ॲरिझोना कार्डिनल्स. नियमित हंगामाचे 151 सामने, 114.5 सॅक (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू (2012, 2014, 2015). हे आकडे कुठेही मिळतात. त्याच्या टेपमधून हंगामामागून हंगाम जाताना जी पद्धत हाताशी बसली ती इथे लिहितो: काय बघायचं, कुठे फसायला होतं आणि आकड्यांच्या आड काय लपतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. वॉटची ताकद सगळ्यांना दिसते, पण त्याला मोठा केला तो हातांनी. आणि हे कळायला सॅकपेक्षा सॅक न झालेल्या खेळी जास्त उपयोगी पडतात.

तेव्हा हायलाइट्स आधी बंद करा. त्यांत फक्त फळलेले डाव असतात. बचावपटूचे बहुतेक प्रयत्न फुकट जातात आणि शिकायचं असतं ते तिथे. हवी ती कोचेस टेप, म्हणजे मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत दिसणारं चित्रण. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या सशुल्क सेवेत ते मिळतं. प्रत्येक खेळी दोन कोनांतून असते: एक बाजूच्या उंच कॅमेऱ्यातून, दुसरा गोलखांबांमागून. पास कुठे गेला, मागचे खेळाडू कुठे पळाले हे पहिल्या कोनात छान दिसतं. लाइनमधल्या माणसांसाठी मात्र दुसराच लावायचा. बाजूने बघितलं तर पाच-सहा धिप्पाड देह एकमेकांवर आदळताना दिसतात, आणि कोणाचा हात कोणाच्या छातीवर आहे याचा पत्ता लागत नाही. भारतात बसून थेट सामना बघणाऱ्यांसाठी: ह्यूस्टनला दुपारी बाराला सुरू होणारा रविवारचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. अभ्यासासाठी इतकं जागायची गरज नाही.

एका सामन्यात बचावाच्या वाट्याला साधारण साठ-सत्तर खेळी येतात. प्रत्येक खेळी स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधीच थांबवायची आणि वहीत रकाने भरायचे: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड अजून लागणार, वॉट कोणासमोर उभा आहे, जमिनीवर कोणता हात आहे. मग चित्र पुढे सरकवून पहिलं पाऊल. पुन्हा मागे नेऊन फक्त हात. आणि सगळ्यात शेवटी पूर्ण वेगात, चेंडूसकट. हा क्रम उलटा केला तर डोळा निकालाला चिकटतो आणि मग पावलं दिसेनाशी होतात.

वॉट कोणासमोर उभा आहे याला एवढं महत्त्व का? आक्रमणाच्या लाइनीत मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर आणि गार्डमधली फट ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. बचावपटूच्या जागेलाही आकडे आहेत. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहिला तर 3 टेक्निक, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर 5. जुन्या पद्धतीच्या 3-4 रचनेत (पुढच्या ओळीत तीन बचावपटू, त्यांच्यामागे चार लाइनबॅकर) एन्ड थेट टॅकलच्या नाकासमोर उभा राहून डाव्या-उजव्या दोन्ही फटी सांभाळायचा. म्हणजे समोरच्याला हातभर अंतरावर रोखून धरायचं, चेंडू कुठे वळतो ते बघायचं आणि मग सुटायचं. काम फार मोलाचं, पण सॅक करायला वाव नाही. 2011 मध्ये वेड फिलिप्स टेक्सन्सचा बचाव प्रशिक्षक म्हणून आला. त्याचीही रचना 3-4च होती, पण एका माणसाला एकच फट. चेंडू हलला की त्या फटीत घुसायचं, थांबून वाचत बसायचं नाही. पासचा डाउन असला की वॉट आत सरकून गार्डवर यायचा. सव्वासहा फुटांहून उंच, जवळपास 130 किलोंचा माणूस, आणि पाय बाहेरच्या चपळ एन्डसारखे. गार्ड हे टॅकलपेक्षा बहुधा आखूड हातांचे आणि जड पायांचे असतात, त्यामुळे सगळं गणित तिथेच बिघडायचं. वॉट दुसऱ्या कुठल्या जुन्या धाटणीच्या बचावात गेला असता तरी मोठा खेळाडू झाला असता, पण 20 सॅकच्या घरात गेला नसता, असं मला वाटतं.

स्नॅपच्या क्षणी त्याची नजर चेंडूवर असते. क्वार्टरबॅक आवाज चढवून, मधेच थांबून बचावाला पुढे ओढायचा प्रयत्न करतो. आवाजावर गेलात की ऑफसाइड आणि पाच यार्डांचा दंड. त्याआधीचे दोन-चार सेकंद समोरच्या गार्डचे असतात. त्याच्या बोटांवर भार जास्त असेल, सांधे पांढरे पडले असतील, तर तो पुढे झेपावणार, म्हणजे धावेची खेळी. हात जमिनीला नुसता टेकलेला आणि भार टाचांवर असेल तर तो मागे सरकणार, म्हणजे पास. पाय किंचित बाजूला वळले असतील तर लाइनीमागून पळत दुसरीकडे ब्लॉक करायला निघणार. टेपवर बोटांचे सांधे दिसत नाहीत, पण पाठीचा कोन दिसतो. खांद्यांपेक्षा कंबर वर असेल तर भार पुढे आहे. एवढं एक बघायची सवय लागली तरी स्नॅपच्या आधी पुष्कळ अंदाज बरोबर येतात. अर्थात चांगले गार्ड मुद्दाम खोटी खूण देतात.

आता हात. वॉटचा हुकमी डाव म्हणजे आर्म-ओव्हर. हात वरून फिरवून समोरच्याला ओलांडायचा. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहून आतल्या फटीत जायचं असेल तर तो पहिलं पाऊल छोटं आणि बाहेरच्या दिशेला टाकतो. गार्ड त्या दिशेला भार टाकतो. त्याच क्षणी, ज्या बाजूने जायचं त्या बाजूच्या हाताची जोरदार थाप गार्डच्या खांद्यावर किंवा कोपरावर पडते, खांदा वळतो, आणि दुसरा हात त्याच्या खांद्यावरून पलीकडे जातो. त्याच हाताच्या बाजूचा पाय हाताबरोबरच पलीकडे पडला पाहिजे. हात आधी गेला आणि पाय मागे राहिला तर कंबर अडकते. चौकट-चौकट सरकवून बघा: कंबर गार्डच्या पुढे गेली की डाव संपला, मग गार्डकडे फक्त मागून शर्ट ओढणं उरतं, आणि तो दहा यार्डांचा दंड. याच कारणासाठी लाइनमधले खेळाडू जर्सी दुहेरी चिकटपट्टीने खांद्याच्या पॅडला घट्ट चिकटवून घेतात. बोटांत चिमटीभर कापड येता कामा नये.

हा डाव तरुण खेळाडूंना प्रशिक्षक सहसा शिकवत नाहीत, निदान धावेच्या डाउनला तर नाहीच. हात वर गेला की काख आणि बरगड्या उघड्या पडतात. गार्डने तिथे वेळेवर तळहात मारला तर बचावपटू ताठ उभा होतो, आणि उभा झालेला माणूस कितीही वजनाचा असो, ढकलला जातो. शिवाय स्वतःची फट सोडून शेजारच्या फटीत गेलात आणि चेंडू नेमका तुमच्या सोडलेल्या फटीतून आला, तर मागचा लाइनबॅकर एकटा पडतो. सुरक्षित डाव म्हणजे रिप: हात खालून, गार्डच्या काखेतून वर काढायचा, खांदा खाली ठेवायचा. वॉट रिपही करायचा, पण पहिल्या डाउनला, धाव येणार हे दिसत असतानाही आर्म-ओव्हर करायचा. 2012 मध्ये खेळी जिथून सुरू होते त्या रेषेच्या मागेच प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचे 39 प्रसंग त्याच्या नावावर लागले, ते मुख्यतः याच जुगारातून. फसलेले जुगारही त्याच टेपमध्ये आहेत. वॉट रेषेपलीकडे एकटा उभा, आणि चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक त्याच्या रिकाम्या जागेतून सहा-सात यार्ड घेऊन गेलेला. संघाने हा सौदा पत्करला होता, कारण दर वेळी एवढे यार्ड जात नव्हते आणि तो पोचला की थेट नुकसान होत होतं.

दोन माणसांनी घेरलं तर काय? इथे टेप बघणाऱ्याचा हमखास घोटाळा होतो. दोघांत अडकलेला वॉट हरला असं वाटतं. खरं तर गार्ड आणि सेंटर दोघं त्याच्यावर खर्च झाले की दुसरीकडे कुणाला तरी एकटा ब्लॉकर मिळतो. उलट काही सॅक असे असतात की पाच सेकंद पास झेलणारे सगळे रिसीव्हर झाकलेले, क्वार्टरबॅक चेंडू कुठे टाकावा या विवंचनेत, आणि वॉट चालत आल्यासारखा पोचतो. तो सॅक मागच्या खेळाडूंच्या खात्यावर मांडायला हवा. तिसरा प्रकार अदलाबदलीचा: शेजारचा बचावपटू आडवा घुसून दोन ब्लॉकर अंगावर घेतो आणि वॉट त्याच्या मागून वळसा घालून रिकाम्या जागेतून येतो. नाव वॉटचं, घाम दुसऱ्याचा. चौथा प्रकार, पळणाऱ्या क्वार्टरबॅकसमोरचा: वॉट दोन पावलं घेऊन थांबतो, कारण त्याला बाहेरची वाट बंद ठेवायला सांगितलेलं असतं. पकडायला जाऊन वाट मोकळी केली तर पंधरा यार्ड गेले. त्या थांबण्याला आळस समजू नका.

चेंडूकडे हात उंचावण्याची त्याची सवय हा आणखी एक धडा. 2012 मध्ये त्याने 16 पास अडवले. लाइनमधल्या माणसासाठी हा आकडा अचाट आहे. क्वार्टरबॅक तीन पावलांत चेंडू सोडणार असेल तर त्याच्यापर्यंत पोचणं कुणालाच शक्य नसतं. वॉट ते लवकर ओळखायचा, धडक सोडून द्यायचा आणि समोरच्याला हातभर दूर ठेवून क्वार्टरबॅककडे बघत राहायचा. खूण एकच: चेंडूवरचा दुसरा, आधाराचा हात सुटला की फेक निघाली. तेव्हा हात वर, उडी अगदी थोडी. आधीच उडी मारली तर क्वार्टरबॅक चेंडू पोटाशी धरून शेजारून निसटतो. हात वर करताना समोरच्या गार्डला तुमची छाती मोकळी मिळते, त्यामुळे वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली तरी तो तुम्हाला आडवा करतो.

7 जानेवारी 2012ची ती खेळी याच चौकटीतून बघा. टेक्सन्सचा इतिहासातला पहिला बाद फेरीचा सामना, समोर सिनसिनाटी बेंगल्स, 10-10 बरोबरी, मध्यंतराला मिनिटभरही उरलेलं नाही. बेंगल्सचा क्वार्टरबॅक अँडी डाल्टन पास सोडतो. वॉट ब्लॉकरला भिडलेला आहे, पण डोळे डाल्टनवर. हात वर जातात, आणि जवळच्या अंतरावरून पूर्ण वेगात आलेला चेंडू तो नुसता अडवत नाही, दोन्ही पंजांत पकडतो आणि 29 यार्ड पळत टचडाउन करतो, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेतो. सामना टेक्सन्सनी 31-10 जिंकला. लाइनमधल्या माणसाच्या बोटांत ही पकड कुठून आली, याचं उत्तर त्याच्या कॉलेजच्या दिवसांत आहे. 2007 मध्ये तो सेंट्रल मिशिगनला टाइट एन्ड होता, म्हणजे पास पकडणारा. आठ झेल, 77 यार्ड. त्याला ऑफेन्सिव्ह टॅकल करायचं घाटत होतं. त्याने शिष्यवृत्ती सोडली, स्वतःच्या राज्यातल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्वखर्चाने दाखल झाला, काही काळ घरोघर पिझ्झा पोचवले. बदलीच्या नियमांमुळे 2008 चा हंगाम बाहेर बसून काढला. त्या वर्षी त्याचं काम सरावात प्रतिस्पर्धी संघाची नक्कल करणाऱ्या तुकडीत खेळणं. 2009 आणि 2010 असे दोनच हंगाम तो तिथे बचावात खेळला. म्हणजे एनएफएलमध्ये आला तेव्हा बचावपटू म्हणून तो तसा कोवळाच होता.

ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजचे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात त्या निवडीच्या, आधीच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. इंडियानापोलिसला त्याने 102 किलोंचा बार 34 वेळा उचलला आणि जागेवरून 37 इंच उडी मारली. मला त्याहून बोलका वाटतो तो तीन शंकूंभोवती वळत धावण्याचा वेळ: 6.88 सेकंद. सरळ रेषेतल्या 40 यार्डांच्या धावेवर लोक पैजा लावतात, पण लाइनमधला माणूस सरळ 40 यार्ड कधी धावतो? त्याला दोन-तीन पावलांत दिशा बदलायची असते. एप्रिल 2011 मध्ये टेक्सन्सनी अकराव्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं तेव्हा ह्यूस्टनमध्ये जमलेल्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. हा कोण, असंच वातावरण होतं.

आकड्यांची एक गंमत 2013 मध्ये दिसते. 2012 ला 20.5 सॅक, 2013 ला 10.5, 2014 ला पुन्हा 20.5. नुसता तक्ता बघणाऱ्याला वाटतं की मधल्या वर्षी गडी ढेपाळला. टेप काही वेगळंच सांगते. त्या वर्षी टेक्सन्स 2-14 राहिले, म्हणजे दोन सामने जिंकून सलग चौदा गमावले. जो संघ कायम पिछाडीवर असतो त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी पास कशाला टाकेल? चेंडू धावेने पुढे नेऊन घड्याळ खात बसतो. पासच्या खेळी घटल्या की सॅकच्या संधी घटतात, आणि उरलेल्या खेळींत सगळ्यांचं लक्ष एकट्या वॉटवर. हातांची करामत तीच, पहिलं पाऊल तेच. सॅक ही मुळात 1982 पासून अधिकृतपणे मोजली जाते, आणि दोघांनी मिळून पाडलं तर अर्धी-अर्धी वाटली जाते. म्हणून ते 20.5. या मोजणीवर एखाद्याची वर्षभराची किंमत ठरवणं मला कधीच पटलेलं नाही.

2014 मात्र आकडे आणि टेप दोन्हींनी मान्य केलेलं वर्ष. पाच टचडाउन. त्यांतले तीन आक्रमणात टाइट एन्ड म्हणून उभं राहून, झेल घेऊन. एक बफेलोविरुद्ध पास मधेच पकडून 80 यार्ड धावत, एक इंडियानापोलिसविरुद्ध सुटलेला चेंडू उचलून 45 यार्ड. सर्वोत्तम बचावपटूची 50 पैकी 50 मतं त्याला मिळाली, आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात ॲरन रॉजर्सच्या मागे दुसरा क्रमांक, 13 मतांसह. त्या 80 यार्डांच्या धावेत शेवटच्या वीस यार्डांतली त्याची पावलं बघा; 130 किलो घेऊन पळणारा माणूस किती थकतो हे तिथे दिसतं, आणि त्यानंतर काही मिनिटांत त्याला पुन्हा दोन पाय आणि एक हात अशा तीन बिंदूंवर वाकून बसायचं असतं.

वाकून बसण्याचा हा हिशेब शरीराने पुढे वसूल केला. एक हात जमिनीवर, कंबर वर, पाठ आडवी, आणि तिथून स्फोटासारखं उठत एका बाजूला पीळ. हे दर सामन्यात पन्नास-साठ वेळा, सराव वेगळा. पॅड घालून सराव लीग आणि खेळाडू संघटना यांच्या 2011 च्या करारानंतर हंगामात 14 दिवसांपुरताच ठेवता यायचा, तरी मणक्यांवरचा ताण चुकत नाही. 2012 च्या सराव शिबिरातच त्याचं कोपर निखळलं. त्या हंगामाच्या टेपमध्ये हातावर जाड ब्रेस दिसतो तो त्यामुळे. 2015 च्या शेवटी डाव्या हाताचं हाड मोडलं आणि पंजा पूर्ण गुंडाळून तो खेळला. पकड बंद, उरले नुसते ठोसे. त्याच हंगामात जांघेतले आणि ओटीपोटातले स्नायू फाटले होते, पाठीच्या मणक्यांमधली गादी सरकली होती. जानेवारी 2016 मध्ये कॅन्सस सिटीकडून 30-0 हरताना तो अर्ध्यातून बाहेर गेला. ती टेप बघणं त्रासदायक आहे. पहिलं पाऊल आखूड पडतं, आणि आर्म-ओव्हरला जाताना कंबर वळायला तयार नाही. हाताचा डाव कंबरेवर उभा असतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. 2016 च्या जुलैत पाठीवर शस्त्रक्रिया, तीन सामने, पाठ पुन्हा गेली, पुन्हा शस्त्रक्रिया, हंगाम संपला.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये डाव्या पायाच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग मोडला. गुडघ्याचा सांधा ज्या सपाट भागावर टेकतो तोच तो भाग. शरीराचं वजन तिथून खाली जातं, त्यामुळे कित्येक आठवडे पाय टेकता येत नाही आणि मांडीचा स्नायू वाळतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वी वादळाने ह्यूस्टन बुडालं होतं. त्याने दोन लाख डॉलरचं उद्दिष्ट ठेवून मदत मागायला सुरुवात केली आणि चार कोटी पंधरा लाखांवर डॉलर जमले. ह्यूस्टन परिसरात मराठी घरं पुष्कळ. फुटबॉलशी घेणं-देणं नसलेल्या अनेकांना वॉट हे नाव कळलं ते तेव्हा.

2018 मध्ये सोळाच्या सोळा सामने, 16 सॅक आणि सात वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू सोडवला. पाठीच्या दोन शस्त्रक्रिया आणि मोडलेल्या पायानंतर. या टेपमध्ये शेवटचा अर्धा सेकंद बघा: क्वार्टरबॅकच्या देहाला मिठी मारण्यापेक्षा त्याच्या फेकणाऱ्या कोपराकडे हात जातो. याच वर्षी एक बंधन कडक झालं होतं, पासरवर पूर्ण वजन टाकून कोसळायचं नाही, नाहीतर पंधरा यार्ड. पाडता पाडता अंग बाजूला वळवायचं म्हणजे पुन्हा पाठीला पीळ.

ऑक्टोबर 2019 मध्ये छातीचा मोठा स्नायू फाटला. हात पसरून एखाद्याला अडवताना, स्नायू ताणलेला असताना त्यावर झटका बसला की तो दंडाच्या हाडापासून तुटतो. शस्त्रक्रियेने शिवल्यावर सहसा हंगाम विसरायचा. दुखापतीच्या यादीत टाकलेला खेळाडू तेव्हा आठ आठवड्यांनीच परत आणता यायचा, तोही संघागणिक दोघेच. 27 ऑक्टोबरला जखम आणि 4 जानेवारीला बफेलोविरुद्ध बाद फेरीत तो मैदानात. अधूनमधून, मोजक्या खेळी. टेक्सन्स 13-0 मागे, तिसरा डाउन, बफेलो गोलजवळ, आणि वॉट त्यांचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनला पाडतो. टचडाउनऐवजी बफेलोला फक्त तीन गुण. टेक्सन्स जादा वेळेत 22-19 जिंकले. पुढच्याच आठवड्यात कॅन्सस सिटीविरुद्ध 24-0 ची आघाडी घालवून 51-31 हरले. उपांत्य फेरी, म्हणजे कॉन्फरन्सचा अंतिम सामना, वॉटच्या नशिबी कधी आला नाही.

पैशांचं सांगायचं तर 2014 मध्ये त्याने सहा वर्षांचा 10 कोटी डॉलरचा वाढीव करार केला, त्यातले सुमारे सव्वापाच कोटी हमीचे. बातमीत दहा कोटी छापतात, पण बघायचा तो हमीचा आकडा. 2021 साठी कराराप्रमाणे त्याला एक कोटी 75 लाख मिळणार होते, त्यातला एक डॉलरही हमीचा नव्हता, त्यामुळे त्याने मोकळीक मागितली तेव्हा संघाला हिशेबात काही तोटा नव्हता. फेब्रुवारीत सुटला, मार्चमध्ये ॲरिझोना. तिथे पहिल्या वर्षी सातव्या सामन्यात खांदा उखडला. योगायोग असा की समोर टेक्सन्सच होते.

2022 चा हंगाम मला त्याच्या सगळ्यात शहाण्या खेळाचा वाटतो. सप्टेंबरच्या अखेरीस हृदयाची लय बिघडली, विजेचा झटका देऊन ती पूर्ववत केली गेली, आणि त्याच आठवड्यात रविवारी तो खेळला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी 12.5 सॅक. पहिलं पाऊल 2012 सारखं नाही, हे टेपवर लपत नाही. पण थाप कधी मारायची याची घडी इतकी पक्की झालेली की ब्लॉकरचे हात निघायच्या क्षणीच ती पडते. शेवटचा सामना 8 जानेवारी 2023, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध. संघ हरला, त्याचे दोन सॅक.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने 2012 चे कुठलेही तीन-चार सामने घ्यावेत आणि आधी फक्त पहिल्या डाउनच्या खेळी बघाव्यात, सॅक नंतर. मग 2013, तक्त्याकडे न बघता. त्यानंतर 2015 चा डिसेंबर आणि 2018 लागोपाठ, कंबरेवर डोळा ठेवून. हे झालं की धाकटा भाऊ टी. जे. वॉटची 2021 ची पिट्सबर्गची टेप लावा. त्याने त्या वर्षी 22.5 सॅक करून मायकल स्ट्रेहॅनच्या 2001 च्या विक्रमाशी बरोबरी केली. तो बाहेरच्या कडेवरून येणारा लाइनबॅकर आहे, त्यामुळे वहीतले रकाने थोडे बदलावे लागतील: गार्डच्या जागी टॅकल, आणि एकटा की दोघं या रकान्यात टाइट एन्ड आणि रनिंग बॅक यांच्यासाठी वेगळी जागा.